वाचक विचारतात : आई-बाबांचं पुस्तक

मुलांनी काय वाचावं, हे विचारणारी पत्रं या सदराकडे नेहमीच येतात. म्हणून या वेळी आम्ही पालकांना उलटं विचारलं होतं : घरात तुमच्या स्वतःच्या वाचनाचं काय होतं? आलेल्या पत्रांतली आठ इथे घेतली आहेत. उत्तरं वाचनालयात आणि मुलांच्या वाचनवर्गात रोज काम करणाऱ्या आमच्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

बाळ सात महिन्यांचं आहे. आधी महिन्याला तीन-चार पुस्तकं सहज व्हायची. आता एकच कादंबरी तीनदा सुरू केली आणि तीनदा चाळिसाव्या पानाच्या आसपास सुटली. वाचनालयाची वर्गणी फुकट जाते आहे. बंद करू का? (एक आई, सातारा)

वर्गणी चालू ठेवा, कादंबरी तेवढी परत करा. मोठ्या कादंबरीची पहिली चाळीस-पन्नास पानं माणसं आणि नाती जुळवण्यात जातात. तुटक झोपेत नेमकं तेच डोक्यात राहत नाही. चार दिवसांनी पुस्तक उघडलं की पंधरा पानं मागे जावं लागतं, तेवढ्यात बाळ उठतं. यात तुमचं काही चुकत नाही. या वर्षासाठी पुस्तकाचा प्रकार बदलायचा, एवढंच.

आठ-दहा पानांत संपणारं काहीही चालेल : कथा, ललित लेख, व्यक्तिचित्रं, पत्रं, रोजनिशी, प्रवासवर्णनातली सुटी प्रकरणं. दिवाळी अंक तर या काळासाठीच आहेत असं वाटावं. बरीच वाचनालयं दिवाळीनंतर अंकांची वेगळी योजना ठेवतात : एकदा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने एकेक अंक बदलून न्यायचा. चौकशी करा. फक्त जाड अंक बाळ मांडीवर असताना घेऊ नका. तो एका हातात तोलत नाही, मनगट दुखतं आणि वाचनाचाच कंटाळा येतो. मांडीवरच्या वेळेसाठी सव्वाशे पानांच्या आतलं, डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचं) पुस्तक ठेवा.

नवं, डिंकाने चिकटवलेल्या बांधणीचं पुस्तक एका हाताने उघडं राहत नाही, अंगठा काढला की मिटतं. ते आधी मोकळं करून घ्या. पुस्तकाचा कणा टेबलावर टेकवा, पुढची आठ-दहा पानं उलटून कण्याजवळ हलक्या हाताने दाबा, मग मागची आठ-दहा, पुन्हा पुढची, असं करत मध्यापर्यंत या. मध्यात एकदम उघडून दाबलं तर कणा तडकतो आणि पानं सुटतात.

खूण पानाला नको, ओळीला हवी. बारीक पेन्सिलीचा ठिपका समासात द्या (वाचनालयाच्या पुस्तकावर तोही नको, तिथे चिकटणाऱ्या कागदाची पट्टी ओळीच्या पातळीवर लावा). पोस्टकार्डाएवढा कागद खूण म्हणून वापरून त्यावर नावं लिहित गेलात तर कादंबरीही जमेल : 'सुमन, थोरली सून, वसंता, तिचा दीर' एवढंच. पाच-सहा नावं पुरतात.

आता हिशेब. दहा मिनिटं लावून बघा, किती पानं होतात ते मोजा. समजा सहा झाली. १८० पानांच्या पुस्तकाला ३०० मिनिटं लागतील. रोज वीस मिनिटं मिळाली तर पंधरा दिवस, आठवड्यातले पाचच दिवस मिळाले तर तीन आठवडे. तुमच्या वाचनालयाची मुदत पंधरा दिवसांची असेल तर पुस्तक नेताना खिडकीवर सांगून ठेवा, की मुदत वाढवून लागेल. मागणी नसलेल्या पुस्तकाला ती सहसा मिळते. दंडाच्या धाकाने वाचू नका.

आणि बाळ झोपल्यावर लगेच पुस्तक घ्यायचं की आपणही झोपायचं, असा प्रश्न पडला तर झोपा.

मी घरी आल्यावर फोनवर पुस्तकं वाचतो. सहा वर्षांची मुलगी म्हणते, 'बाबा सारखे फोनवर असतात.' मी वाचतोय हे तिला कसं पटवू? (एक वडील, डोंबिवली)

पटवू नका. ती बसली आहे तिथून तिला फोनची पाठ दिसते, आणि ती पाठ रील बघतानाही तशीच असते. लोकलच्या गर्दीत उभ्याने वाचायला फोनच बरा. एक हात कडीला असताना पान उलटणं अवघड. पुस्तक आधी उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका. घरी मात्र कागदाचं पुस्तक हातात असू द्या. दोन्हीकडे एकच पुस्तक हवं असा हट्ट धरू नका. गाडीतलं वेगळं, घरातलं वेगळं, असं छान चालतं.

घरातल्या पुस्तकाची खूण मुलीकडे द्या. वाचून झालं की ती ठेवणार आणि पान क्रमांक सांगणार. सहा वर्षांच्या मुलांना हे काम फार आवडतं, तीन आकडी संख्याही वाचून होते. एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मुलांसमोर 'आदर्श' म्हणून वाचू नका. चार दिवसांत तुम्हालाच ते ओझं होईल. तुम्हाला आवडतं म्हणून वाचा, रहस्यकथा असली तरी.

मुलगा नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात. घरी अस्खलित मराठी बोलतो, पण मराठी पुस्तक समोर धरलं की अडखळतो आणि ढकलून देतो. आम्हा दोघांना वाचनाचं वेड आहे, म्हणून जास्त लागतं. (आई-बाबा, नाशिक)

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण धड्याखालची उत्तरं लिहिता येणं आणि गोष्ट आपण होऊन वाचणं यांत बरंच अंतर आहे. तुमच्या मुलाकडे भाषा आहे, लिपीचा सराव नाही. ही चांगली बाजू आहे, कारण लिपीचा सराव चार-पाच महिन्यांत होतो.

आधी तो नेमका कुठे अडखळतो ते पाहा. एक पान मोठ्याने वाचू द्या, मध्ये बोलू नका, दुसऱ्या कागदावर चुकलेले शब्द लिहा. बहुतेक मुलं याच जागी अडतात :

सारखी दिसणारी अक्षरं. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष. सगळी एकदम नकोत. एका आठवड्यात एकच जोडी घ्या आणि तिचे दहा-बारा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून घरात समोर दिसतील असे लावा : घर, धर, घार, धार, घन, धन.

पहिली वेलांटी. ती आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. इंग्रजीच्या सवयीने डोळा डावीकडून एकेक चिन्ह उचलतो, म्हणून गाडी अडते. जोडाक्षर आलं की ती आख्ख्या जोडाक्षराच्या आधी बसते, मग 'स्थिती'चं 'सिथती' होतं. अशा शब्दांत वेलांटी आणि तिचं अक्षर यांना पेन्सिलीने एक गोल काढून द्या. दोन आठवड्यांनी गोलाची गरज राहत नाही.

र. याची रूपं मोठ्यांना मोजून दाखवावी लागतात, एवढी आपल्याला ती अंगवळणी पडलेली असतात : 'राम'मधला पूर्ण र, 'गर्व'मधला रफार, 'प्राण'मधली तिरकी रेघ, 'ट्रक'मधलं खालचं टोक, आणि मराठीचा खास 'ऱ्य'. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हे दोन शब्द शेजारी ठेवले की मुलं खूश होतात. रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी वाचायचा, हे एकदा स्पष्ट सांगा. शाळेत सांगितलेलं असतं, पण विसरलेलं असतं.

च, ज, झ. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळे, लिहायला मात्र एकच. 'हे जग' आणि 'सुखाने जग' यांतला ज वेगळा. इथे मूल चुकलं तर ते वाचनाचं अपयश समजू नका. शब्द ओळखीचा निघाला की उच्चार आपोआप सुधारतो, कारण कान तयार आहेत.

पुस्तकं कोणती? बाजारात 'जोडाक्षरविरहित' असं लिहिलेली गोष्टींची पुस्तकं मिळतात, तिथून सुरुवात. पण नऊ वर्षांच्या मुलाला चार वर्षांच्या मुलाची गोष्ट दिली तर तो अपमान समजतो, आणि त्याचं खरं आहे. ती पुस्तकं त्याला शेजारच्या किंवा नात्यातल्या लहान भावंडाला वाचून दाखवायला द्या. काम तेच, मान वेगळा. सोबत त्याच्या आवडीचं काही, क्रिकेट, किल्ले, साप, अवकाश, टपोऱ्या टायपातलं आणि चित्रांचं. बारीक टाइप आणि दाटीची ओळ असेल तर वेलांट्या-मात्रा वरच्या ओळीत घुसल्यासारख्या दिसतात. खाली साधी पट्टी धरली तरी फरक पडतो.

रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. एक वाक्य आईने, एक त्याने. तो अडकला तर मनात पाचपर्यंत मोजा, मग शब्द सांगून टाका. 'जोडून बघ, जोडून बघ' असं करत बसलात तर गोष्ट मरते. चुकीचा शब्द वाक्य संपल्यावर सांगा. एका पानावर पाचाहून अधिक शब्द अडले तर पुस्तक अवघड आहे, बदला. जोडाक्षरांचा एकेक प्रकार आठवड्याला वाढवा : आधी 'पक्का, सत्तर' अशी दुहेरी, मग 'म्हण, न्हाणी', मग रफार, शेवटी तीन अक्षरांची.

रविवारी स्वयंपाकघरात त्याला 'वाचणारा' करा. ओट्यावर तुम्ही, हातात कागद त्याच्या. शिऱ्याची कृती पाहा : 'रवा एक वाटी. साखर पाऊण वाटी. तूप पाव वाटी. गरम पाणी दोन वाटी. वेलदोडे चार. आधी तुपात रवा भाजा. मग पाणी घाला. झाकण ठेवा. शेवटी साखर घाला.' यात एकही जोडाक्षर नाही. पुढच्या महिन्यात तीच कृती 'अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी तूप, दोन वाट्या उकळतं पाणी' अशी लिहून द्या. वाचायला चुकला तर शिरा बिघडेल ही भीती घालू नका, प्रमाण तुम्हाला पाठ आहे. बाजाराची यादी, एसटीच्या पाट्या, लग्नपत्रिका, सगळं वाचनच.

आणि तुम्ही दोघं वाचत बसता तेव्हा त्याच्याकडे अधूनमधून बघत राहू नका. मुलांना ते कळतं.

दोन मुलं, चार आणि नऊ वर्षांची. रात्री एकाच खोलीत वाचून दाखवते. एकाला आवडलं की दुसरं कंटाळतं. शेवटी मीच डुलकी घेते. (एक आई, रत्नागिरी)

आधी धाकटीचं दहा मिनिटं, चित्रांचं पुस्तक. मग थोरल्याचं एक प्रकरण, पंधरा मिनिटं. हा क्रम उलटा करू नका. धाकटी थकली की रडारड होते, पण थोरल्याच्या गोष्टीवर ती निमूट झोपते. तिच्या हातात त्या वेळी एखादं मऊ खेळणं असू द्या, खडू-कागद नको, नाहीतर ती जागी होते. थोरला धाकटीच्या गोष्टीला नाक मुरडत असेल तर त्यातल्या माकडाचा किंवा राक्षसाचा आवाज त्याने काढायचा.

धाकटी तीच गोष्ट वीस रात्री मागेल. वाचा. पुन्हापुन्हा ऐकण्यातूनच तिचे शब्द पक्के होतात. वाक्यं गाळू नका, पकडले जाल. थोरल्याच्या पुस्तकात ओसरी, माजघर, रहाट, शिंकाळं असे शब्द येतील. 'शिंकाळं म्हणजे मांजरापासून दूध वाचवायला वर टांगलेली जाळी' एवढं सांगून पुढे जा. प्रत्येक शब्दावर थांबलात तर गोष्टीचा धागा सुटतो. शेवटी 'यावरून काय शिकलो?' हे तर मुळीच विचारू नका. मालवणी किंवा अहिराणी संवाद असतील तर दुपारी एकदा स्वतः मोठ्याने वाचून ठेवा. ऐनवेळी जीभ वळत नाही.

डुलकीचं कारण साधं आहे, तुम्ही आडवं होऊन वाचता. भिंतीला पाठ टेकून बसा. दिवा पिवळसर, पण पानावर पुरेसा. आठवड्यातले दोन दिवस बाबांचे.

एकत्र कुटुंब आहे. हातात पुस्तक दिसलं की सासूबाई काहीतरी काम सांगतात. वाईट नाहीत त्या, पण बसून वाचणं म्हणजे रिकामं असणं असं त्यांना वाटतं. लपून वाचते. (एक सून, सांगली जिल्हा)

लपून वाचणं सोडा. त्याने वाचन ही चोरीची गोष्ट होते, मुलंही ते बघतात. एक वेळ ठरवा आणि सगळ्यांना सांगा : 'दुपारची भांडी आवरली की तीन ते साडेतीन मी वाचते, साडेतीनला चहा टाकते.' चहाची वेळ जोडल्याने तुमचा अर्धा तास कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते घराला कळतं. पहिले आठ-दहा दिवस हाका येतील. 'साडेतीनला करते हं' एवढंच, आवाज न चढवता. खरोखर तातडीचं असेल तर उठा. आणि हे तुमच्या नवऱ्याने एकदा सगळ्यांसमोर म्हणायला हवं. त्या अर्ध्या तासात दारावर कोणी आलं, मूल उठलं, तर सुटीच्या दिवशी तो उठेल, हेही त्यानेच सांगावं.

सासूबाईंच्या घरात वाचन नव्हतं असं समजू नका. श्रावणात पोथी होतच असणार, एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. त्यांना बारीक अक्षर दिसत नसेल तर संध्याकाळी पंधरा मिनिटं पेपर किंवा त्यांना आवडेल ते वाचून दाखवा. ही तुमच्या अर्ध्या तासाची किंमत म्हणून नको. त्यांनाही खरंच हवं असतं, विचारत कोणी नाही.

वय ४४. पुस्तक लांब धरावं लागतं. प्रोग्रेसिव्ह चष्मा केला, तरी रात्री पलंगावर वाचताना अक्षरं धूसर. (एक वडील, छत्रपती संभाजीनगर)

चष्म्याचा दोष नसावा, बसण्याचा आहे. प्रोग्रेसिव्ह भिंगात जवळचं वाचायचा भाग तळाशी असतो. टेबलाशी बसून खाली पाहिलं की नजर तिथून जाते. उशीवर डोकं टेकलं की पुस्तक डोळ्यांसमोर येतं आणि नजर भिंगाच्या मधल्या किंवा वरच्या भागातून जाते. घरच्या वाचनासाठी फक्त जवळच्या नंबरची साधी चाळिशी वेगळी करून घ्या आणि पुस्तक ३५ ते ४० सेंटीमीटरवर धरा. रस्त्यावरची तयार चाळिशी दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि तिरका नंबर नसेल तरच चालते, आणि हे तपासल्याशिवाय कळत नाही. तपासणीत डोळ्यांचा दाबही बघून घ्या. सात ते नऊ वॅटचा एलईडी दिवा खांद्यामागून यावा.

पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना कसर आणि पांढरी बुरशी. घरात तान्हं बाळ आहे, डांबराच्या गोळ्या ठेवू का? (एक वाचक, चिपळूण)

गोळ्या नकोत. त्यांतल्या नॅप्थलिनची वाफ तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते. रक्तातलं एक ठरावीक विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या मुलांत तांबड्या पेशी फुटतात. कडुलिंबाचा ओला पालाही ठेवू नका, तो ओल वाढवतो.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. पुस्तकं इतकी ठासून नकोत की बोट जाणार नाही. कोरड्या दिवशी सगळी काढून फळ्या कोरड्या फडक्याने पुसा आणि पुस्तकं सावलीत, पंख्याखाली, पानं थोडी पसरून उभी करा. बुरशी ओली असताना पुसली तर कागदात घुसते. आधी वाळू द्या, मग घराबाहेर, नाका-तोंडाला रुमाल बांधून मऊ ब्रशने झटका. कसर लागलेलं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. छोट्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा सहसा इतका थंड नसतो. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दव कागदावर धरतं. कव्हर वर्तमानपत्राचं नको, त्याचं आम्ल कागद पिवळा करतं. जुन्या कॅलेंडरची जाड पानं उत्तम.

आम्ही वडोदऱ्याला. मराठी मासिकं वेळेवर मिळत नाहीत. घरात सगळ्यांना वाचता येईल असं विनामूल्य काय आहे? (एक कुटुंब)

मुलांसाठी 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. आई-बाबांनी लहानपणी वाचलेला अंक वर्ष शोधून काढता येतो, मुलांना यात फार गंमत वाटते. मोठ्यांसाठी मराठी विकिस्रोत, म्हणजे खुल्या झालेल्या पुस्तकांचं इंटरनेटवरचं मोफत ग्रंथालय. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं आहे. त्याआधी गेलेल्या लेखकांचंही तसंच.

जुने अंक फोनच्या पडद्यावर वाचू नका, पान छायाचित्रासारखं असल्याने सारखं मोठं करून सरकवावं लागतं. एका रविवारसाठी एकच गोष्ट निवडा, ए-फोर कागदावर एका बाजूने छापून घ्या आणि डाव्या कडेला दोन पिना मारा. मागची कोरी बाजू धाकट्यांना चित्रं काढायला मिळते.